वानखडे मॅडम आणि थबकणारे उंदीर

एखाद्याचा हेवा वाटायचा तर त्याच्याकडे हेवा करण्यासारखं काहीतरी असावं लागतं, अशी माझी समजूत होती. रजनी वानखडे यांनी ती मोडली. त्यांच्याकडे गाडी नव्हती, परदेशातली पदवी नव्हती, बोलण्यात छाप पाडण्याची कला नव्हती. त्यांच्याकडे पांढरे उंदीर होते, आणि तेही संस्थेचे.

आर्वी रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघंही शरीरक्रियाशास्त्र शिकवत होतो. मी वर्धेतल्या कापड दुकानदाराचा मुलगा, चिंतावार. त्या आर्वीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. मी कायम नोकरीत, त्या कंत्राटी. दर वर्षी उन्हाळा आला की त्यांच्या नोकरीचं नूतनीकरण होई आणि आमचे अध्यक्षसाहेब ते अशा चेहऱ्याने करत, की जणू स्वतःच्या ताटातली पोळी काढून देत आहेत. माझ्याकडे असलेलं सगळं पाहता हेवा त्यांनी माझा करायला हवा होता. त्यांना ते कधी सुचलं नाही.

त्या उंदरांबद्दल आधी सांगायला हवं. मिरगी म्हटलं की हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. या उंदरांची मिरगी तशी नव्हती. ती इतकी सभ्य होती, की नवख्याला दिसतच नसे. उंदीर पंजांनी तोंड पुसत बसलेला असतो. मध्येच थबकतो. मिशा बारीक थरथरतात, डोळे उघडे, पण आत कोणी नाही. काही सेकंद असे जातात आणि तो तोंड पुसण्याचं राहिलेलं काम पुढे चालू करतो. लहान मुलांमध्येही असाच एक प्रकार असतो, आणि म्हणून तर हे उंदीर पाळायचे. त्यांच्या वाणातच हा दोष असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या जपावा लागतो.

आमच्या दोघांचा प्रश्न एकच होता. त्या थबकण्याच्या वेळी मेंदूत विजेच्या लाटा एका तालात उठतात. बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये उठतात, आणि त्याच्या खाली खोलवर बसलेल्या थॅलॅमसमध्येही उठतात. मग ताल आधी कोण धरतं? माझी डॉक्टरेट सांगत होती, थॅलॅमस. वानखडे मॅडमना वाटे, कॉर्टेक्स, आणि त्यातही मिशा आणि तोंडाकडच्या संवेदना जिथे पोचतात तो तुकडा. मी माझं मत सहा संदर्भांसकट मांडत असे. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "असं हाये का? पाहू."

हा 'पाहू' त्या सगळ्यांनाच म्हणत. अध्यक्षांना, परीक्षकांना, यंत्र विकायला आलेल्या टायवाल्या माणसाला. यात उद्धटपणा नव्हता. त्या खरोखरच पाहायला जात, आणि समोरच्याची पंचाईत व्हायची ती त्यामुळेच.

त्यांचं पाहणं हा वेगळाच प्रकार होता. हे झटके उंदीर पळापळ करत असताना येत नाहीत आणि गाढ झोपेतही फारसे येत नाहीत. जागा आहे पण करायला काही नाही, अशा पेंगुळल्या अवस्थेत येतात. म्हणजे उंदराला कंटाळा यावा लागतो. आणि उंदराला कंटाळा यायचा, तर खोलीतल्या माणसाला कंटाळा येऊन चालत नाही. वानखडे मॅडम पिंजऱ्याशेजारी स्टूल टाकून तासन्‌तास बसत. हिवाळ्यात मांडीवर तुरीच्या शेंगा असत. त्या सोलत राहत, दाणे डब्यात, टरफलं पदरात, आणि उंदीर आपल्या डोक्यावरच्या, लाटा टिपणाऱ्या तारांसकट निवांत होत जाई. मग त्या हळूच म्हणत, "गेला पाहा." पडद्यावर लाटा उठलेल्या असत.

मी आत गेलो की उंदीर ताठ होई.

"सर, तुमी आले का थो कान टवकारते."

"मी काहीच केलं नाही, मॅडम."

"तेच त. काई न करता बी तुमी लय काई करता."

माझ्याविषयी इतकं नेमकं विधान माझ्या बायकोनेही केलेलं नाही. मी मऊ तळव्यांचे बूट घेतले. अत्तर सोडलं. दार लोटण्याचा सराव केला. उंदीर कान टवकारत राहिला. एखाद्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त मान मिळाला तर तुम्ही त्यामागे वशिला शोधू शकता. उंदरांच्या बाबतीत तीही सोय नसते.

मॅडमच्या प्रयोगशाळेतल्या साड्या दोनच होत्या, सुती, धुवून धुवून रंग गेलेल्या. आमच्या जिल्ह्यात साधेपणाला फार मान आहे. नुसता पवनारच्या आश्रमाच्या रस्त्याने जाऊन आलेला माणूसही दोन दिवस जरा साधा राहतो. त्यामुळे बाहेरचे पाहुणे आले की मॅडमची साडी पाहून गहिवरत. एकदा एका पाहुण्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "अशी तत्त्वनिष्ठा आता कुठे पाहायला मिळते!"

"तत्त्व गित्त काई नाई जी," मॅडम म्हणाल्या. "नवी साडी नेसली का उंदीर बिचकते. वासानं."

पाहुण्यांनी हा विनय समजून आणखी वाकून नमस्कार केला. मी त्या दिवशी नवा खादीचा कुडता घातला होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

आर्वीजवळच्या एका शाळेतला प्रसंग मात्र मला अजून सलतो. विज्ञान दिनाला प्रमुख वक्ता मी होतो. विषय, 'मेंदू: एक अद्भुत विश्व'. शीर्षक माझं नव्हतं, मुख्याध्यापकांचं होतं, पण मी ते नाकारलंही नव्हतं. मॅडमना गावाकडे जायचं होतं म्हणून त्या माझ्याच गाडीतून आल्या आणि मुलींच्या रांगेच्या कडेला जाऊन बसल्या. माझं भाषण रंगात आलं होतं. मेंदूतल्या पेशींची तुलना मी आकाशगंगेशी करत होतो, तेवढ्यात मॅडम उठल्या आणि वर्गशिक्षकांशी कुजबुजायला लागल्या.

"दुसऱ्या रांगेतली थे पोरगी कोन हाये, गुरुजी?"

"थे काय? थे तशीच हाये, मॅडम. बसल्या बसल्या हरवते. ध्यानच नसते पोट्टीचं. दोन खेप वर्गाबाहेर उभी केली, फरक नाई."

भाषण संपल्यावर हार झाला, नारळ झाला. मॅडमनी कार्यक्रमपत्रिकेचा कागद मागितला, माझ्याच हातातला, आणि त्याचं भिरभिरं केलं. काडीला टाचणीने टोचलं आणि त्या मुलीपुढे धरलं. "फुंक बरं. थांबाचं नाई. जोरानं."

मुलगी फुंकत राहिली. सगळी शाळा हसत होती. भिरभिरं गरगरत होतं. खूप वेळ तसंच चाललं, इतका की मला मॅडमची लाज वाटायला लागली. आणि मग भिरभिरं मंद झालं, थांबलं. मुलीचे ओठ तसेच, डोळे समोर, पापण्या बारीक फडफडत होत्या. हसणारी शाळा गप्प झाली. थोड्या वेळाने मुलगी परत फुंकायला लागली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"पाह्यलं, गुरुजी?" मॅडम म्हणाल्या. "ध्यान नाई असं नाई. तेवढा वेळ थे इथं नव्हतीच. जोरानं फुंकत राह्यलं का असा झटका येते. याले दवा असते. तिच्या मायले सांगा, मेंदूच्या डॉक्टरकडे न्याले लावा. अन् वर्गाबाहेर उभी नका करू जी."

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचाच विसरले. पुढे त्या मुलीला औषध सुरू झालं, झटके थांबले, हे मला मुख्याध्यापकांनी रस्त्यात गाडी थांबवून सांगितलं. माझ्या भाषणाबद्दल ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी परत बोलावलं ते मॅडमना. त्या गेल्या नाहीत, उंदरांना पिल्लं व्हायची होती. मग मला बोलावलं. मी गेलो.

आता मुख्य गोष्ट. मॅडमना निष्कर्ष मिळाला. दोन उन्हाळे त्यांनी मोजमापं घेतली होती आणि आलेख स्वच्छ सांगत होते: झटका कॉर्टेक्स सुरू करतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच पुढे असतो. थॅलॅमस नुसता मागून येतो. माझी डॉक्टरेट त्या आलेखाखाली अलगद झाकली गेली. मी ते आलेख घरी नेले. उलटसुलट तपासले. गणित पुन्हा केलं. एकही खोट सापडेना. इतकं मन लावून मी स्वतःचं संशोधनही कधी केलं नव्हतं.

अध्यक्षसाहेबांना थॅलॅमस माहीत नव्हता, पण 'पहिल्यांदा' हा शब्द त्यांना फार आवडायचा. त्यांनी मेंदू संशोधन केंद्र काढायचं ठरवलं. नवी खोली, नवं यंत्र, केंद्राच्या संचालक वानखडे मॅडम, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांची नोकरी कायम. उद्‌घाटनाला नागपूरचे एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ येणार होते. निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'मेंदूतील पहिल्या ठिणगीचा शोध'. ठिणगीच्या वर अध्यक्षांचा फोटो होता.

पाहुण्यांना उकडू नये म्हणून समारंभाआधी प्रयोगशाळेत एसी बसवला. तोवर तिथे डेझर्ट कूलर होता, वाळ्याच्या ताट्यांचा, खोलीतल्या बोलण्यापेक्षा मोठ्याने घरघरणारा. त्या कूलरच्या मोटारीची विजेची गुणगुण तारांमधून आलेखात शिरायची. थॅलॅमसच्या वाहिनीत, म्हणजे तिथून यंत्रात येणाऱ्या तारेत, ती जास्त होती, म्हणून तेवढ्याच वाहिनीवर मॅडमनी यंत्रातला फिल्टर लावून ठेवला होता. कूलर गेला, गुणगुण गेली, मॅडमनी फिल्टर काढला. आणि उंदराजवळ बसल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "सर, या जरा. एक गंमत दाखवतो."

त्यांनी एकच सिग्नल दोन्ही वाहिन्यांना जोडला होता. फिल्टर काढला तेव्हा दोन्ही रेषा एकावर एक. मग थॅलॅमसच्या वाहिनीवर फिल्टर लावला. तिची रेषा किंचित मागे सरकली. मला समजायला वेळ लागला नाही. फिल्टर गुणगुण गाळतो, पण गाळता गाळता सिग्नलला थोडा उशीरही करतो. आम्हाला जो थॅलॅमस मागून येताना दिसत होता, त्याला मागे आमच्या कूलरने ओढलं होतं. वर्धेच्या उन्हाळ्याशिवाय असली चूक कुठे झाली नसती.

"मग खरं काय आहे?" मी विचारलं.

"अगदी सुरवातीले कॉर्टेक्स थोडा पुढं असते. थे खरं हाये, फिल्टर काढल्यावर बी दिसते. पन लगेच दोघं एकमेकायले ओढाले लागते. मंग कोन पुढं, कोन मागं, काई सांगता येत नाई. आलेखावरून मी सांगितलं थे अर्धं चूक हाये."

त्यांच्या दोन उन्हाळ्यांच्या कामात मी चूक शोधत होतो. ती सापडली, तीही त्यांनाच.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा गंभीर ठेवून मी सल्ला दिला, आणि तो सल्ला प्रामाणिक होता. "मॅडम, उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. कायम होण्याची ऑर्डर हातात येऊ द्या. मग दुरुस्ती जाहीर करा. असं सगळेच करतात."

"ऑर्डर कायच्यावर भेटून राह्यली, सर? याच आलेखावर ना?"

"आलेखावर कोण देतं? अध्यक्षांना हौस आहे म्हणून मिळते आहे."

त्या हसल्या. मग उंदराच्या डोक्यावरच्या तारा सोडवायला लागल्या. "घरी मायले सांगून ठेवलं होतं मी," त्या म्हणाल्या, "का आता दर उन्हाळ्यात जीव टांगून राहनार नाई." एवढंच. नंतर त्यांनी तारा गुंडाळल्या आणि आर्वीची एसटी चुकेल म्हणून निघाल्या. मला वाटलं, त्या माझं ऐकतील. मी ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी मांडवात बरीच गर्दी होती. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, वाऱ्याने समई विझल्यामुळे ते परत झालं. मॅडमना शाल घालण्यासाठी अध्यक्ष उठले, तर मॅडमनी हाताने थांबवलं. "साहेब, जरा थांबा. आधी बोलू द्या, मंग घालाची का नाई पाहा."

आणि त्या बोलल्या. माइक जवळ घ्यायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे सगळा मांडव ऐकण्यासाठी पुढे झुकला. कूलर, फिल्टर, मागे सरकलेली रेषा, सगळं तुरीच्या शेंगा सोलाव्यात तसं एकेक करून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे चूक माझी हाये. उंदरायची काई चूक नाई." आणि खाली बसल्या.

अध्यक्षांच्या हातात शाल तशीच होती. ती घालावी की घडी करावी, याचं मार्गदर्शन कोणाकडे नव्हतं. नागपूरचे वृद्ध शास्त्रज्ञ काठी टेकत उठले, त्यांनी अध्यक्षांच्या हातातून शाल घेतली आणि स्वतः मॅडमच्या खांद्यावर टाकली. मग टाळ्या सुरू झाल्या. ज्यांना कूलरपलीकडे काही कळलं नव्हतं, तेही वाजवत होते. माझ्या शेजारचा कॉलेजचा हिशेबनीस डोळे पुसत म्हणाला, "काय बाई हाये, सर!"

मी टाळ्या वाजवल्या. बरोबर असताना त्यांचा सत्कार होणारच होता; चुकल्यावर तो दुप्पट झाला. थॅलॅमसबद्दल मी इतकी वर्षं जे म्हणत होतो, ते निदान अर्धं तरी खरं निघालं होतं. मांडवातल्या एकालाही ते आठवलं नाही. मी आठवण करून दिली तर कसं दिसेल याचा अंदाज घेतला आणि टाळ्या वाजवत राहिलो.

अध्यक्षसाहेब मात्र शहाणे. टाळ्या मांडवात राहिल्या, मांडव उतरला, आणि त्या उन्हाळ्यात नूतनीकरणाचा कागद निघाला नाही. केंद्र तर झालं होतं, पाटी लागली होती, संचालक हवा होता. तो मी झालो. मॅडमना अमरावतीच्या एका छोट्या संस्थेत जागा मिळाली, परत कंत्राटीच. उंदरांचा वाण सांभाळणारं आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून रीतसर परवानग्या घेऊन उंदीरही त्यांच्यामागून जायचे ठरले. आधी तपासणीसाठी ते नागपूरला ठेवले गेले.

माझी नि त्यांची शेवटची भेट त्यामुळेच झाली. कुठल्याशा चर्चासत्राचं उद्‌घाटन करायला मी नागपूरहून अमरावतीला निघालो होतो, कॉलेजच्या गाडीत, मागच्या सीटवर. कारंजा घाडगे ओलांडल्यावर चहासाठी धाब्यावर थांबलो. ऊन असं होतं, की ट्रकवाले ट्रकखाली झोपले होते. धाब्याच्या गल्ल्यापाशी ओळखीचा आवाज ऐकू आला.

"दादा, बरफ अजून दे ना. खायले नाई पाह्यजे, उंदरायले पाह्यजे."

"उंदरायले बरफ? मॅडम, मजाक करून राह्यल्या काय?"

"मजाक नाई, बाप्पा. थे माझ्याहून नाजूक हायेत."

भाड्याच्या गाडीत मागे पिंजरे होते. वर ओल्या चादरी, एसी चालू, आणि ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून बाहेर उभा होता. मला पाहून मॅडमना मनापासून आनंद झाला, हे मला जरा कठीणच गेलं.

"काऊन जी सर, इकडे कुठं? केंद्र कसं हाये?"

"चांगलं आहे. थंड आहे."

"उंदीर आले?"

"प्रस्ताव पाठवला आहे."

त्यांनी मान हलवली. टोमणा नव्हता त्यात, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. आम्ही बाजेवर बसून चहा घेतला. न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी बोललात त्याचा पश्चात्ताप होतो का कधी?"

त्यांनी प्रश्नाचा खराखुरा विचार केला. "होते ना," त्या म्हणाल्या. "पगार कमी हाये. माय एकटी हाये आर्वीले. रोज फोनवर रडते, का एवढं बोलाची काय गरज होती. मी काय सांगू तिले?" त्यांनी बशीतला चहा संपवला. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "पन सर, एक सांगू का? थे सुरवातीचं बी मले आता पक्कं वाटत नाई."

"कोणतं?"

"कॉर्टेक्स आधी, थे. मले वाटून राह्यलं का लाट दिसाच्या आधीच दोघायमंधी काईतरी जुळून येत असन. आपन लाट दिसल्यावर मोजाले लागतो ना, म्हून आपल्याले तिथून सुरवात वाटते."

"म्हणजे तुमचं जे अर्धं उरलं होतं, तेही चूक?"

"असू शकते!" त्या म्हणाल्या. घरात लग्न ठरल्याचं सांगावं तशा.

मी त्यांच्याकडे पाहत होतो. घामाने डबडबलेला चेहरा, हातात वितळणारा बर्फ, पुढच्या वर्षीच्या नोकरीचा पत्ता नाही. माझ्याकडे केंद्र होतं, पाटी होती, एसी होता, आणि ज्याबद्दल मी चुकू शकेन असं काहीही नव्हतं.

बर्फ चादरींवर पसरून झाला. "येतो, सर," म्हणत त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि गाडी अमरावतीच्या दिशेने निघाली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. मागच्या काचेतून मॅडम दिसल्या. सीटवर पूर्ण उलट्या वळून, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून, सरळ माझ्याकडे पाहत होत्या. इतक्या आपुलकीने त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. माझा हात आपोआप वर गेला. मी तो बराच वेळ हलवत राहिलो.

त्या पिंजऱ्यांकडे पाहत होत्या.